१९१८ की १९२८? स्त्री-मताधिकाराची संग्रहालये नेमके काय दाखवतात

दरवर्षी मार्च महिना आला की ब्रिटनमधील लहानमोठी संग्रहालये स्त्री-मताधिकाराच्या इतिहासावर कार्यक्रम आखतात. कुठे व्याख्यान असते, कुठे माहितगारासोबत दालनाची फेरी असते, तर कुठे जुन्या मोर्च्यांतील बॅनरांच्या धर्तीवर नवे बॅनर शिवण्याची कार्यशाळा असते. लंडन किंवा मँचेस्टरला राहणारी मराठी कुटुंबेही मुलांना घेऊन अशा ठिकाणी जातात, आणि तिथे एक साधा प्रश्न हमखास अडतो. एका फलकावर स्त्रियांना १९१८ मध्ये मत मिळाल्याचे लिहिलेले असते, दुसऱ्यावर १९२८ असते, आणि काचेच्या पेटीतल्या चांदीच्या पदकाचा या दोन्ही सालांशी काय संबंध हे मुलाने विचारले की आईवडिलांची पंचाईत होते. दोन्ही साले बरोबर आहेत. ती दोन का आहेत हे समजून घ्यायचे तर मत मुळात कोणाचे होते इथून सुरुवात करावी लागते.

## मत माणसाला नव्हते, घराला होते

मताधिकार म्हणजे निवडणुकीत मत देण्याचा कायद्याने मिळालेला हक्क. आज आपण तो वयाशी जोडतो: अठरा वर्षे पूर्ण झाली, यादीत नाव लागले, की झाले. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटनमध्ये हा हक्क मालमत्तेशी, भाड्याशी आणि राहत्या घराशी जोडलेला होता. आपल्याकडच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेची सर्वसाधारण सभा डोळ्यांपुढे आणली तर हे चटकन कळते. भाग दाखल्यावर ज्याचे नाव पहिले, मत त्याचे. बायकोचे नाव दुसरे असेल तर नवरा सभेला नसताना तिची पाळी येते. भाडेकरू, मोलकरीण, घरात राहणारा सज्ञान मुलगा यांना मत नाही. त्या काळचे ब्रिटन ही अशीच एक अवाढव्य सोसायटी होती, फरक एवढाच की तिथे दाखल्यावर स्त्रीचे नाव पहिले असले तरी मत मिळत नसे. विधवा जमीनदारीण कर भरी, नोकरांना पगार देई, आणि मतदानाच्या दिवशी तिचा माळी, त्याच्याकडे पुरेसे घर असल्यास, मत देऊन येई.

१८३२ च्या सुधारणा कायद्याने मतदाराच्या व्याख्येत ‘पुरुष व्यक्ती’ असे शब्द घातले आणि तोवर रूढीने चाललेली गोष्ट कायद्यात लेखी झाली. पुढच्या कायद्यांनी पुरुषांच्या अटी टप्प्याटप्प्याने सैल केल्या, तरी पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला सुमारे ४० टक्के प्रौढ पुरुषांनाही मत नव्हते. स्त्रियांच्या लढ्याची गोष्ट सांगताना हा भाग अनेकदा गाळला जातो, आणि तो गाळला की १९१८ चे कोडे सुटत नाही.

## मवाळ आणि जहाल

मराठी वाचकाला या चळवळीतले दोन प्रवाह समजावून सांगायला फारसे कष्ट पडू नयेत, कारण त्यासाठीचे शब्द आपल्या राजकारणात तयारच आहेत. मिलिसेंट फॉसेट यांच्या नेतृत्वाखाली १८९७ मध्ये देशभरच्या मताधिकार संस्थांचा एक संघ झाला. अर्ज, सभा, खासदारांच्या भेटीगाठी, शांततेचे मोर्चे हा त्यांचा मार्ग होता. त्यांना सफ्रजिस्ट म्हणत. आपण मवाळ म्हणू. १९०३ मध्ये मँचेस्टरच्या नेल्सन स्ट्रीटवरील ६२ क्रमांकाच्या घरात एमेलिन पँकहर्स्ट यांनी दुसरी संघटना काढली. केवळ स्त्रियांची असलेली ही संघटना पुढे खिडक्या फोडणे, तुरुंगात जाणे, उपोषण करणे या वाटेने गेली. ‘डेली मेल’ने १९०६ मध्ये त्यांना हिणवण्यासाठी सफ्रजेट हा शब्द काढला आणि त्यांनी तो बिल्ल्यासारखा मिरवला. या झाल्या जहाल. जाता जाता सांगायचे तर १९०७ मध्ये सुरतेत काँग्रेस फुटली, आणि त्याच साली एमेलिनबाईंच्या एकछत्री कारभाराला कंटाळलेल्या काही स्त्रियांनीही वेगळे होऊन विमेन्स फ्रीडम लीग काढली.

नेल्सन स्ट्रीटवरचे ते घर आता पँकहर्स्ट सेंटर म्हणून पाहता येते.

## जे जपले गेले तेच दिसते

आता खऱ्या मुद्द्याकडे येऊ. कोणत्याही संग्रहालयातील मताधिकाराचे दालन डोळ्यांपुढे आणा: जांभळा, पांढरा आणि हिरवा या तीन रंगांचे पट्टे, होलोवे तुरुंगात जाऊन आलेल्या स्त्रियांना मिळालेला जाळीदार दरवाजाच्या आकाराचा ब्रोच, उपोषण करणाऱ्यांना दिलेले पदक, साखळ्या. यातले जवळजवळ सगळे जहालांचे आहे. मवाळांचे लाल, पांढरा आणि हिरवा हे रंग होते, हे किती प्रेक्षकांना माहीत असते? सदस्यसंख्येने मवाळांचा संघ कितीतरी मोठा होता, मग दालनात तो इतका लहान का दिसतो?

याचे एक कारण असे की जहालांना दृश्य परिणामाचे महत्त्व पहिल्यापासून कळले होते. त्यांचे तीन रंग १९०८ मध्ये एमेलिन पेथिक-लॉरेन्स यांनी ठरवले, ब्रोचची रचना एमेलिन पँकहर्स्ट यांची चित्रकार मुलगी सिल्व्हिया हिने केली, आणि ‘पँक-अ-स्क्विथ’ नावाचा एक पटावरचा खेळही विक्रीला आला. आपल्या सापशिडीत सापाच्या तोंडी सापडावे तसे वाटेत पोलीस आणि तुरुंग यांना तोंड देत सोंगटी घरापासून पार्लमेंटपर्यंत न्यायची असा तो खेळ होता. पँकहर्स्ट आणि पंतप्रधान ॲस्क्विथ यांच्या नावांचा सांधा जुळवून त्याचे नाव पाडले होते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. १९२६ मध्ये माजी सफ्रजेट स्त्रियांनी एकत्र येऊन स्वतःच आपल्या आठवणी आणि वस्तू गोळा करायला सुरुवात केली. त्यांच्या या सफ्रजेट फेलोशिपचा संग्रह १९५० मध्ये लंडन म्युझियमकडे गेला आणि तोच आज त्या संस्थेच्या हजारो मताधिकारविषयक वस्तूंचा गाभा आहे. म्हणजे काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे प्रथम त्या चळवळीतल्या एका गटानेच ठरवले होते. मवाळांचा ठेवा प्रामुख्याने ग्रंथालयाच्या वाटेने गेला. तेही १९२६ मध्येच सुरू झालेले ग्रंथालय, जे २०१३ पासून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आहे. तिथे बॅनर आणि छायाचित्रेही आहेत, पण सभांची इतिवृत्ते आणि पत्रव्यवहार यांचे गठ्ठे काचेच्या पेटीत ठेवले तर त्यांच्यापुढे कोण थांबणार? घरातल्या जुन्या ट्रंकेत आजीचा शालू जपलेला असतो आणि वाणसामानाच्या हिशेबाची वही केव्हाच रद्दीत गेलेली असते. संसार मात्र त्या वहीवर चाललेला असतो.

काही वस्तू तर निव्वळ नशिबाने वाचतात. मँचेस्टरच्या पीपल्स हिस्टरी म्युझियमने २०१७ मध्ये लोकवर्गणीच्या मदतीने १९०८ चे एक सफ्रजेट बॅनर विकत घेतले. ‘लढ्यात मँचेस्टर प्रथम’ अशा अर्थाचे शब्द असलेले हे बॅनर लीड्समधल्या एका धर्मादाय दुकानात पडून होते. याउलट स्त्री-मताधिकाराचा जो पहिला मोठा अर्ज, तोच हरवला. जून १८६६ मध्ये सुमारे १,५०० स्त्रियांच्या सह्यांची गुंडाळी घेऊन एमिली डेव्हिस आणि एलिझाबेथ गॅरेट वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये गेल्या. एवढे मोठे भेंडोळे हातात घेऊन उभे राहणे अवघड वाटले म्हणून त्यांनी ते तिथल्या सफरचंदे विकणाऱ्या बाईच्या टेबलाखाली ठेवायला दिले आणि खासदार जॉन स्टुअर्ट मिल आल्यावर त्यांच्या स्वाधीन केले. तो मूळ अर्ज आज उरलेला नाही. सह्या करणाऱ्यांची नावे त्याच वेळी पुस्तिकेत छापली गेली, म्हणून निदान नावे उरली.

## फलक वाचून भागत नाही का?

वस्तूजवळचा फलक जेमतेम साठ-सत्तर शब्दांचा असतो. ‘हे काय आहे’ एवढे त्यात मावते. ‘इथे काय नाही आणि का नाही’ हे मावत नाही. व्याख्यान, फेरी किंवा कार्यशाळा यांचे काम तिथे सुरू होते. अभिरक्षक, म्हणजे संग्रह सांभाळणारी आणि त्याचा अर्थ लावणारी तज्ज्ञ व्यक्ती, वस्तू समोर ठेवून हे दुसरे उत्तर देऊ शकते.

याचे एक चांगले उदाहरण २०१८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये भरवलेल्या प्रदर्शनाचे आहे. त्यात तीन जागा पुन्हा उभ्या केल्या होत्या. पहिली माळ्यावरची: १८३४ च्या आगीपूर्वी सभागृहाच्या सज्जात स्त्रियांना बसू देत नसत, म्हणून त्या छतावरच्या हवेच्या झरोक्याभोवती उभ्या राहून, झुंबराच्या धुरात खालचे वादविवाद ऐकत. दुसरी ‘पिंजरा’ म्हणून ओळखली जाणारी: आगीनंतर बांधलेल्या इमारतीतला स्त्रियांचा सज्जा, ज्याच्यापुढे जड धातूची जाळी होती. तिसरीचे नाव ‘थडगे’: निवडून आलेल्या पहिल्या स्त्री खासदारांना दिलेली कोंदट खोली. हे तिन्ही शब्द फलकावर वाचणे आणि त्या जाळीमागे उभे राहून मान वाकडी करून समोरचे पाहण्याचा प्रयत्न करणे यांत अंतर आहे. ऑक्टोबर १९०८ मध्ये म्युरिएल मॅटर्स आणि हेलन फॉक्स यांनी याच जाळीला स्वतःला साखळीने बांधून घेतले. कुलपे निघेनात, तेव्हा कर्मचाऱ्यांना जाळीचे भाग बायकांसकट उचलून बाहेर न्यावे लागले. १९१७ मध्ये जाळी कायमची काढली गेली आणि तिचे भाग आज पार्लमेंटच्या मध्यवर्ती दालनात बसवलेले आहेत.

## हा हिंसेचा गौरव नव्हे का?

हा आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. १९१२ ते १९१४ या काळात जहालांनी टपालपेट्यांतली पत्रे जाळली, रिकाम्या इमारतींना आगी लावल्या, बॉम्ब ठेवले. फेब्रुवारी १९१३ मध्ये अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांच्यासाठी बांधल्या जात असलेल्या घराचा काही भाग स्फोटाने उद्ध्वस्त केला. दुसऱ्या बाजूला उपोषण करणाऱ्या स्त्रियांना १९०९ पासून तुरुंगात हातपाय धरून नळीने अन्न कोंबले जात होते, आणि १९१३ च्या कायद्याने खंगलेल्या स्त्रीला सोडायचे, बरी झाली की पुन्हा पकडायचे असा खेळ मांडला, ज्याला लोकांनी मांजर-उंदराचा कायदा असे नाव दिले. या दोन्ही गोष्टी एकाच भिंतीवर मांडाव्या लागतात.

गंमत म्हणजे संग्रहालये या हिंसेची केवळ साक्षीदार नव्हती, तीही लक्ष्य होती. एप्रिल १९१३ मध्ये तीन स्त्रियांनी मँचेस्टरच्या कलादालनातील चित्रांच्या काचा फोडल्या. मार्च १९१४ मध्ये मेरी रिचर्डसन हिने लंडनच्या नॅशनल गॅलरीत स्पॅनिश चित्रकार वेलाझ्केझच्या व्हीनसच्या चित्रावर सुऱ्याचे वार केले. मग दालनांच्या दारावर बायकांच्या पिशव्यांना आणि हात उबदार ठेवण्याच्या मफला बंदी आली, आणि संशयित सफ्रजेटांची छायाचित्रे रखवालदारांना वाटण्यात आली. त्यांतली बरीच तुरुंगाच्या आवारात चोरून काढलेली होती. मँचेस्टरच्या त्या तिघींपैकी एव्हलिन मॅनेस्टा छायाचित्राला सरळ उभी राहीना, म्हणून तिचा गळा मागून हाताने आवळून धरला होता. वाटलेल्या छायाचित्रात तो हात पुसून तिथे स्कार्फ रंगवला. एकेकाळी रखवालदाराच्या खिशात असलेली ही छायाचित्रे आज नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीच्या संग्रहात आहेत.

माझ्या मते गौरव होतो की नाही हे वस्तू कोणती यावर नव्हे, तिच्याशेजारी काय ठेवले आहे यावर ठरते. उपोषणाचे पदक एकटे ठेवले तर ते शौर्यपदक दिसते. त्याच्याशेजारी नळी, जळक्या घराचे छायाचित्र आणि त्या हिंसेमुळे आपली वर्षानुवर्षांची मेहनत पाण्यात जाईल अशी भीती बाळगणाऱ्या मवाळांचे पत्र ठेवले, तर प्रेक्षकाला स्वतः विचार करावा लागतो.

## मग १९१८ मध्ये नेमके काय मिळाले?

युद्धात स्त्रियांनी कारखाने चालवले, त्याचे बक्षीस म्हणून मत मिळाले, हे वाक्य शाळेच्या पुस्तकापासून सगळीकडे भेटते. ६ फेब्रुवारी १९१८ च्या कायद्यातली अट पाहिली की ते डळमळते. एकवीस वर्षांवरील जवळपास सर्व पुरुषांना मत मिळाले, सैन्यातील तरुणांना तर एकोणिसाव्या वर्षी. स्त्रीला मात्र वयाची तीस वर्षे पूर्ण हवीत, आणि शिवाय ती ठरावीक किमतीच्या घराची वा जागेची धारक हवी, किंवा अशा धारकाची पत्नी, किंवा विद्यापीठाची परीक्षा पार केलेली. पुन्हा सोसायटीचे उदाहरण घ्या: दाखल्यावर दुसरे नाव असलेल्या बायकोला आता मत आले, पण मालकाच्या घरी राहणारी मोलकरीण, आईवडिलांकडे राहणारी अविवाहित मुलगी आणि सामानासह खोली भाड्याने घेतलेली कामकरी बाई बाहेरच राहिली. दारूगोळ्याच्या कारखान्यांत राबलेल्या स्त्रियांत तिशीच्या आतल्या मोठ्या संख्येने होत्या. ज्यांच्या कामाचे बक्षीस म्हणून हा कायदा सांगितला जातो, त्यांतल्याच अनेकींना तो लागू नव्हता.

तिशीची अट का? युद्धात लाखो पुरुष मारले गेले होते आणि समान अट ठेवली असती तर मतदारांत स्त्रियांचे बहुमत झाले असते. तेवढे नको होते. या कायद्याने सुमारे ८४ लाख स्त्रिया मतदार झाल्या. बाकीच्यांसाठी जुलै १९२८ उजाडावा लागला, जेव्हा स्त्री-पुरुषांसाठी एकच वय, एकवीस, ठरले. एमेलिन पँकहर्स्ट त्याच्या काही आठवडे आधी, १४ जूनला वारल्या. तेव्हा फलकावर १९१८ वाचले की ‘कोणाला?’ असे विचारावे, आणि २०१८ चे शताब्दी सोहळे पाहताना ती शंभरी अर्ध्या हक्काची होती हेही लक्षात ठेवावे.

## छायाचित्रातल्या साडीतल्या स्त्रिया

लंडन म्युझियमच्या संग्रहातले एक छायाचित्र समाजमाध्यमांवर वारंवार फिरते: १७ जून १९११ च्या मोर्च्यात साडी नेसलेल्या भारतीय स्त्रिया बॅनरसह उभ्या आहेत. त्याखाली बहुधा ‘ब्रिटनमधल्या भारतीय सफ्रजेट’ असे लिहिलेले असते. आपल्याला ते वाचून अभिमान वाटतो, पण जरा सबुरीने घ्यायला हवे. हा मोर्चा पंचम जॉर्ज यांच्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने काढला होता आणि साम्राज्याच्या विविध भागांचे चित्ररथासारखे दर्शन घडवणे हा त्याचा एक भाग होता. भारतीय गटाला त्या मांडणीत जागा दिली गेली होती. त्या स्त्रिया कोण होत्या, त्या का आल्या, हे महत्त्वाचे आहेच. परंतु एका छायाचित्रावरून त्यांना जहाल ठरवणे म्हणजे गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत दिसलेल्या प्रत्येकाला मंडळाचा कार्यकर्ता मानण्यासारखे आहे.

सोफिया दुलीपसिंग यांच्याबाबतीत मात्र शंकेला जागा नाही. पंजाबच्या शेवटच्या महाराजांची ही कन्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याच्या आवारालगत, राजघराण्याने दिलेल्या घरात राहत असे आणि राजवाड्याच्या दाराशी उभी राहून सफ्रजेटांचे वृत्तपत्र विकत असे. नोव्हेंबर १९१० मध्ये पार्लमेंटसमोर पोलिसांनी स्त्रियांना मारहाण केली, त्या शिष्टमंडळात ती होती. मत नाही तर कर नाही, या भूमिकेतून तिने कुत्री आणि नोकर यांच्या परवान्यांचे शुल्क नाकारले, तेव्हा तिची हिऱ्यांची अंगठी जप्त होऊन लिलावात निघाली. एका मैत्रिणीने ती विकत घेऊन परत दिली. आपल्याकडच्या साराबंदीची ही इंग्लंडातली बहीणच म्हणायची.

## आणि यादीतले नाव

२ एप्रिल १९११ च्या रात्री ब्रिटनमध्ये जनगणना होती. आम्ही माणसांत जमा नाही तर आमची मोजदादही नको, अशा अर्थाचे वाक्य अर्जावर लिहून अनेक स्त्रियांनी माहिती नाकारली; सोफिया त्यांतली एक. एमिली डेव्हिसन ही सफ्रजेट ती रात्र वेस्टमिन्स्टरच्या तळघरातल्या प्रार्थनास्थळाच्या कपाटात लपून राहिली, म्हणजे आपला मुक्काम पार्लमेंटमध्ये नोंदवला जावा. तिथे ती सापडली, नोंदलीही गेली, आणि तिच्या घरमालकिणीनेही तिचे नाव भरल्यामुळे तिची गणना दोनदा झाली.

१९१९ मध्ये हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन मुंबईहून लंडनला गेल्या. भारतातील मताधिकार ठरवणाऱ्या साउथबरो समितीने स्त्रियांना वगळले होते, म्हणून पार्लमेंटच्या समितीपुढे त्यांनी भारतीय स्त्रियांची बाजू मांडली. पार्लमेंटने निर्णय प्रांतांवर सोडला. मुंबई इलाख्यात रमाबाई रानडे यांनीही या मागणीमागे आपले वजन उभे केले, आणि १९२१ मध्ये मद्रासपाठोपाठ मुंबईच्या कायदे मंडळाने स्त्रियांवरची बंदी उठवली. मालमत्तेची अट कायम होती, म्हणून यादीत आलेल्या स्त्रिया मूठभरच. मिठन मात्र लंडनमध्येच शिकायला राहिली, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये, जिथे आज मवाळांचे ते ग्रंथालय आहे. पुढे मिठन लाम या नावाने तिने मुंबई उच्च न्यायालयात वकिली केली.

१९५० च्या राज्यघटनेने मालमत्ता, शिक्षण, लिंग या सगळ्या अटी एका फटक्यात काढल्या आणि एकवीस वर्षांवरील प्रत्येकाला मत दिले. तरीही पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या बनवताना निवडणूक आयोगापुढे वेगळीच अडचण आली. अनेक स्त्रियांनी आपले नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच सांगितले होते. सुमारे आठ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळपास २८ लाखांनी स्वतःचे नाव दिलेच नाही, आणि आयोगाने त्या नोंदी यादीतून काढून टाकल्या. बहुतेक नोंदी बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान आणि विंध्य प्रदेशातल्या होत्या. १८६६ चा अर्ज हरवला तरी त्यावरच्या स्त्रियांची नावे पुस्तिकेत उरली. या २८ लाख नोंदींत हक्क मिळालेला होता, फक्त नाव नव्हते.